तो एक सेकंद आणि आधीचे पाच तास

खास सशस्त्र पथकाच्या गोळीने निरपराध माणूस गेला की हमखास ऐकू येतं, "एका सेकंदाचा खेळ असतो हो, विचार करायला वेळ कुठे?" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. गोळी सुटते ती सेकंदातच. पण त्या सेकंदात समोर कोण दिसणार, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं.

लंडन, २२ जुलै २००५. आदल्या दिवशी चार आत्मघाती हल्ले फसले होते. एका बॉम्बच्या पिशवीत जिमचं कार्ड सापडलं आणि त्यावरून एका संशयिताचा, स्कोशिया रोडवरच्या इमारतीचा पत्ता लागला. पहाटे पाचच्या सुमारास हुकूम निघाला : तिथे सशस्त्र पथक ठेवा, बाहेर पडणाऱ्यांना थांबवून तपासा. साडेनऊनंतर त्याच इमारतीत राहणारा जीन चार्ल्स डी मेनेझेस हा २७ वर्षांचा ब्राझिलियन इलेक्ट्रिशियन कामाला निघाला, तेव्हाही पथक पोचलेलं नव्हतं. पाळतीवरचा माणूस नेमका लघवीला गेलेला, त्यामुळे चित्रीकरणही झालं नाही. मग अर्धा तास तो बसने फिरला. हाच तो संशयित का, याची खात्री कुणालाच नव्हती. पथकाने गाठलं तेव्हा तो स्टॉकवेल स्टेशनात उतरला होता, आणि पथकाची समजूत झाली होती की ओळख पटली आहे. त्या समजुतीने त्याच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या.

२००७ मध्ये ज्युरीने जनतेच्या सुरक्षेत कसूर केल्याबद्दल महानगर पोलिसांना संस्था म्हणून दोषी ठरवलं. दंड १,७५,००० पौंड. 'एका सेकंदा'ची सबब पुढे केली की ज्यांच्या हातात जवळपास पाच तास होते ते सगळे सुटतात. मला चीड येते ती याची.

"पण तो जाड कोट घालून गेटवरून उडी मारून पळाला ना?" नाही! साधं डेनिम जॅकेट होतं, कार्ड लावून तो आत गेला, वाटेत फुकटचं वर्तमानपत्रही उचललं. धावला तो गाडी लागली होती म्हणून.

"गोळी पायावर मारायची." हलता पाय नेमका टिपणं फार अवघड, चुकलेली गोळी मागच्याला लागते, आणि मांडीतली मुख्य धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो.

"कमांडोंना भीती नसते." असते. सराव होतो तो भीती असतानाही काम करण्याचा, आणि गोळी न झाडण्याचाही.

"स्वसंरक्षण म्हटलं की विषय संपला." मुंबईतल्या १९९५ ते १९९७ मधल्या चकमकींवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं : चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी, हे सगळं व्हायलाच हवं.