प्युअर डेटा

ध्वनी व चित्र यांच्यावर वादन चालू असतानाच संस्करण करणारी, मुक्त स्रोत स्वरूपाची संगणक आज्ञावली. अमेरिकन गणितज्ञ व संगीततंत्रज्ञ मिलर पकेट यांनी ती १९९६ च्या सुमारास तयार केली. तत्पूर्वी पॅरिसच्या ‘इर्काम’ या संस्थेत त्यांनी रचलेली ‘मॅक्स’ ही आज्ञावली पुढे व्यापारी उत्पादन झाली. प्युअर डेटाची मूळ संहिता मात्र कोणासही विनामूल्य वापरता, बदलता व वाटता येते.

हीत आज्ञा ओळीने लिहीत नाहीत. पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडतात. हौशी माणूस आंदोलक, विवर्धक व ध्वनिक्षेपक तारांनी जोडतो, तसाच हा प्रकार होय. आंदोलकाच्या चौकटीस ४४० हा आकडा देऊन ती ध्वनिनिर्गमाच्या चौकटीस जोडली, की ४४० हर्ट्‌झ कंप्रतेचा स्वर उमटतो. गणन ६४ नमुन्यांच्या गटांनी होते. सेकंदास ४४,१०० नमुने धरल्यास एक गट सु. १·४५ मिलिसेकंदाचा भरतो, म्हणून विलंब सहसा जाणवत नाही. आर्डुइनोसारख्या स्वस्त सर्किट बोर्डाला प्रकाश-संवेदक जोडून हाताच्या सावलीने स्वर बदलता येतो. चित्रांसाठी ‘जेम’ ही जोड-आज्ञावली आहे.

यंत्र कालबाह्य झाले, की केवळ त्याच्यासाठी रचलेले संगीतही मुके होते. फिलिप मानुरी यांची प्ल्युतों (१९८८) ही पियानो व संगणक यांसाठीची रचना इर्काममधील ‘४एक्स’ या यंत्रावर अवलंबून होती. ते यंत्र वापरातून गेले. परंतु पकेट यांनी तिचा संगणकीय भाग प्युअर डेटात उतरविल्याने ती साध्या संगणकासह सादर करता येते. अर्थात संहिता खुली असणे पुरेसे नाही. देखभाल करणारे उरले नाहीत, की जोड-आज्ञावल्या लवकरच निरुपयोगी होतात.