वेताळाला दहापैकी साडेतीन

रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी सहा इंद्रजाल कॉमिक्स घेऊन आलो आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले. पाच असेतसेच होते. सहाव्यावर मात्र नजर ठरेना. मुखपृष्ठावर वेताळ, त्याचा पांढरा घोडा, आणि रंग असा की काल छापखान्यातून बाहेर पडलाय. मी मनातल्या मनात त्याला सात देऊन मोकळा झालो.

हिने चष्मा लावला. अंक हातात न घेता आधी टेबलावरच उजेडाकडे तिरका फिरवला. मग पालथा घातला, मग एकेक पान उलटलं. बोटाला थुंकी न लावता.

"साडेतीन."

"काहीतरीच काय! रंग बघ ना."

"बघितला. आता पाठ बघ, तिरकी झालीय. दोन्ही पिना गंजल्यात. मागच्या पानाला टेप आहे. आणि कोणा सतीशने निळ्या शाईने नाव घातलंय. तीन ठिकाणी."

माझी बायको एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होती. तिने आयुष्यात वेताळ वाचलेला नाही. आमच्या घरात ग्रेड तीच देते, आणि ती तिनेच का द्यायची, त्यामागे माझी एक फजिती आहे. ती पुढे सांगतो.

माझं लहानपण मिरजेत, रेल्वेच्या चाळीत गेलं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर इंद्रजाल यायचा. विकत घेण्याची ऐपत क्वचित. गल्लीत एकजण सुतळीवर कपडे वाळत घालावेत तसे अंक टांगून ठेवायचा आणि पाच पैसे घेऊन तिथल्या तिथे, फरशीवर बसून वाचू द्यायचा. मे महिन्याच्या सुट्टीत एकेक अंक दिवसाला वीस-पंचवीस हातांतून जायचा. कैरीचं मीठ लागलेल्या हातांतून. आज एखादा जुना अंक धडधाकट सापडला की मला त्याचंच नवल वाटतं.

टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्या अंकापासून नायक वेताळ, म्हणजे अमेरिकेच्या ली फॉकने १९३६ साली वर्तमानपत्रासाठी उभा केलेला फँटम. पुढे त्याच फॉकचा जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला अस्सल देशी बहादूर आला, त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा भाषांतून अंक निघत. मूळ गोष्टीतल्या काही नावांना इकडे वेगळे कपडे चढवले गेले. वेताळाच्या बापाला मारणाऱ्या चाच्याचं नाव मूळ कथेत रामा होतं. ते आपल्याकडे कसं चालावं? त्याचा रामालू झाला. वेताळाचा मुलूख बंगालच्या आसपासचा वाटू नये म्हणून त्याचं डेंकाली झालं. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तेव्हा क्रमांक ८०५ वर पोचला होता.

पण अंक निघाले ८०३. कारण १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे छापलेच गेले नाहीत. नवा संग्राहक ओळखायची माझी ही खूण आहे: तो येऊन विचारतो, "काका, तेवढे एकशे तेवीस-चोवीस मिळतील का?" आणखी एक गोंधळ क्रमांकांचाच. सुरुवातीला सलग आकडे होते. १९८० च्या दशकात वर्ष आणि अंक अशी पद्धत आली. त्यामुळे यादी करताना दोन्ही आकडे माहीत असावे लागतात, नाहीतर एकच अंक दोनदा विकत घेतला जातो. मी घेतलेला आहे.

जुनं झालं की महाग होतं, हा गैरसमज आधी काढून टाकू. किंमत तीन गोष्टींनी ठरते: किती प्रती उरल्या, किती जणांना ती हवीय, आणि हातातली प्रत कशी आहे. अमेरिकेत सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. किंमत दहा सेंट. दुसऱ्या महायुद्धात तिकडे रद्दी गोळा करण्याची मोहीम निघाली आणि पोरांनी देशासाठी कॉमिक्सचे गठ्ठे देऊन टाकले. आज त्या अंकाच्या शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्यातली दहापैकी साडेआठ ग्रेडची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरना गेली. आपल्याकडे युद्धाची गरज पडली नाही. दिवाळीच्या साफसफाईने आणि रद्दीवाल्याच्या तागडीने ते काम केलं. फक्त आपल्या अंकांना डॉलरमध्ये मोजायचं स्वप्न कुणी पाहू नये. इकडच्या बहुतेक प्रती काही शेकड्यांत फिरतात, सुरुवातीच्या चांगल्या प्रती हजारांत. मराठी अंक माझ्या हाताला इंग्रजीपेक्षा नेहमीच कमी लागले आणि ते अधिक झिजलेलेही असतात. याचा अर्थ मी असा घेतो की मराठी अंक जास्त वाचले गेले.

ग्रेडची पट्टीही अमेरिकेतलीच. तिथे १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या कॉमिक्सचं दरपत्रक पुस्तकरूपाने काढलं आणि धंद्याला एक सामाईक भाषा मिळाली. २००० साली सीजीसी नावाची कंपनी निघाली. ती फी घेऊन प्रत तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत आकडा देते आणि प्रत जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करते. डबी उघडली की ग्रेड गेली. म्हणजे जे वाचण्यासाठी छापलं ते वाचायचं नाही, अशी ही गंमत. प्रतीवर कुणी रंग भरला असेल, तुकडा जोडला असेल, तर लेबल जांभळं लागतं आणि भाव कोसळतो. आपल्याकडे व्यवहार बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवर आणि शब्दावर चालतो. त्यामुळे विकणाऱ्याची नजर आणि जीभ हीच डबी.

आता बायको प्रत कशी तपासते ते सांगतो. पहिलं काम पानं मोजायची. कॉमिक म्हणजे मोठे कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले आणि घडीवर दोन पिना मारलेल्या. एका कागदाची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या नेहमी चाराच्या पटीत. सगळ्यात आतला कागद पिनेला सर्वांत आधी सुटतो आणि गुपचूप गळून पडतो. मग पिना. पावसाळी हवेत त्या गंजतात, गंज कागदात उतरतो आणि भोवती तपकिरी वर्तुळ उमटतं. मग पाठ: अंक उलटा दुमडून वाचला असेल तर पाठ कलते आणि तिथे बारीक पांढऱ्या रेघा पडतात. मग कडा. वाचनालयं सहा-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा चढवायची. शिवण्यासाठी घडीजवळ भोकं पाडायची आणि कडा यंत्रावर कापायची. असा अंक बाइंडिंगमधून सोडवून सुटा विकला तर वरवर अगदी स्वच्छ, टोकदार कोपऱ्यांचा दिसतो. का नाही दिसणार? चुरगळलेले कोपरे कापूनच टाकलेत.

मी असा एक अंक घेतला होता. विकणाऱ्याने फोटो पाठवले, त्यात सगळं चकाचक. घरी आल्यावर हिने तो त्याच काळातल्या दुसऱ्या अंकावर ठेवला. वरून आणि बाजूने मिळून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर गायब. शीर्षकाच्या डोक्यावर मोकळी जागाच नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे ड्रॉवरमध्ये एक नमुन्याची प्रत आणि स्टीलची पट्टी असते.

शेवटी भिंग. जुन्या छपाईत चित्रातल्या फिक्या छटा ठिपक्यांच्या असतात, ओळीत बसलेल्या ठिपक्यांच्या. हल्लीच्या प्रिंटरवर काढलेल्या नकली मुखपृष्ठावर भिंगाखाली रंगाची भुकटी उडाल्यासारखी दिसते. फिकट झालेल्या वेताळावर कुणी स्केचपेन फिरवलं असेल तर तेही तिथेच पकडलं जातं. आणि वास. कुबट वास आला की आम्ही तो अंक इतरांच्या जवळ नेत नाही.

अमर चित्र कथेत हाच खेळ वेगळ्या रीतीने चालतो. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही माला पुन्हा पुन्हा छापली गेली. राम वाईरकरांनी चितारलेला 'कृष्ण' घरोघरी आहे, म्हणून 'घरात जुना कृष्ण आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. पहिल्या छपाईत त्याचा क्रमांक ११ होता, कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. नंतरच्या छपाईत क्रमांक ५०० च्या पुढे गेले. म्हणून मी आधी क्रमांक आणि छापील किंमत बघतो, मग कृष्णाकडे.

आता फजिती. निवृत्तीनंतर मी अंक विकायलाही लागलो. ठाण्याच्या एका गृहस्थांना वेताळाचा एक सुरुवातीचा मराठी अंक अठराशे रुपयांना दिला. पाठवण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि "पानं पूर्ण" असं लिहून दिलं. चार दिवसांनी फोन आला. "काका, मधली चार पानं नाहीत." मी भांडायच्या पवित्र्यात होतो. अहो, मी वाचलाय! त्यांनी फोटो पाठवला. खरंच नव्हती.

रात्रभर विचार केला तेव्हा लक्षात आलं. ती गोष्ट मला दहाव्या वर्षापासून पाठ होती. गळालेली चार पानं मी मिरजेच्या फरशीवरून वाचली होती. डोळे उडी मारून पुढे गेले आणि मधली जागा आठवणीने भरून काढली.

पैसे परत केले. ही म्हणाली, "काउंटरवर फाटकी नोट फाटकी म्हणून पुढे केली तर कुणी भांडत नाही. बंडलात घालून दिली की भांडण." तिच्याकडे त्याचा नियमच होता. पन्नास किंवा त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांपेक्षा मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली शून्य. समोरच्याने ती कुणाच्या लग्नाच्या आहेरातली म्हणून जपली होती, याला काउंटरवर रकाना नव्हता. त्या दिवसापासून मी अंक शोधतो आणि भाव ठरवतो. मोजणं आणि तपासणं तिच्याकडे.

ठेवण्याची व्यवस्थाही तिनेच लावली. कॉमिकचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, स्वस्त लगद्याचा. त्यात आम्ल असतं, म्हणून तो उजेडाने पिवळा पडतो आणि पुढे पापडासारखा तुटतो. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा, कपाट बाहेरच्या भिंतीला न टेकवलेलं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि कसरीसाठी कापडाच्या पुरचुंडीत वेखंड, माझी आजी पोथ्यांच्या रुमालात ठेवायची तसं. एक हात जोडून विनंती: लॅमिनेशन करू नका. टेपही लावू नका. टेपचा डिंक दहा वर्षांत तपकिरी होतो आणि कागदाच्या आरपार जातो. फाटलेलं फाटलेलं राहू द्या, टेपपेक्षा त्याने भाव कमी उतरतो.

आणि विकायचं असेल तर दोष आधी लिहा, भाव नंतर. त्या सहाव्या अंकाची नोंद हिने सांगितली तशी मी लिहून नाशिकच्या एका ग्राहकाला पाठवली: साडेतीन. पाठ तिरकी, पिना गंजलेल्या, मलपृष्ठावर टेप, पानं पूर्ण (दोनदा मोजली), सतीश तीन ठिकाणी.

त्यांचं उत्तर आलं, तिन्ही सतीशचेही फोटो पाठवा. पाठवले. एका पैशाची घासाघीस न करता दुसऱ्या दिवशी रक्कम जमा झाली. सात म्हणून पाठवला असता तर चार दिवसांत परत आला असता, फोनसकट.

अंक पुठ्ठ्यात बांधताना हिने तो पुन्हा एकदा उघडला. मला वाटलं, तिसऱ्यांदा पानं मोजतेय.

"अक्षर चांगलं होतं हो सतीशचं," ती म्हणाली, आणि टेपचं रीळ माझ्याकडे सरकवलं. पुठ्ठ्याला लावायला.