उशीखालच्या गोळ्या

मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या एका जैन आजींची चादर बदलताना उशीखाली रुमालाची पुरचुंडी हाती लागली आणि ती सोडताच तीन रात्रींच्या तीन अँटिबायोटिक गोळ्या जशाच्या तशा निघाल्या. तक्त्यावर मात्र तिन्ही रात्रींपुढे औषध दिल्याच्या सह्या होत्या, आणि त्यांतली एक माझी होती. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. रात्रपाळीच्या पोरींवर ठपका येऊ नये एवढ्याचसाठी त्या गोळी मुकाट्याने ठेवून घेत. कसूर आमचीच होती, कारण गोळी गिळल्याचे पाहण्यापूर्वीच आम्ही सही करून पुढच्या खाटेकडे वळत होतो. डॉक्टरांनी त्या औषधाला दोन गोळ्यांमधले कमी-जास्त अंतर चालेल अशी खातरजमा करून सकाळी साडेसात आणि सायंकाळी साडेपाच अशा वेळा मुक्रर केल्या.

खरा पेच पुढेच होता. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून आजींना रोज पोटाच्या कातडीखाली एनॉक्सापॅरिन टोचले जाई. ते हेपॅरिनपासून तयार होते आणि हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. आजींना हे सांगायला हवे, असे मी म्हटले. "तोंडाने थोडंच घ्यायचंय, कशाला त्यांच्या जिवाला घोर लावता?" असे वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, त्यांच्या बोलण्यात माया होती, तरीही मला ते पटेना. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावाचून दिलेली संमती ग्राह्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात म्हटले आहे. आणि जिने आमच्यासाठी गोळ्या लपवल्या, तिच्यापासून आम्ही सुईतले औषध लपवावे, हे माझ्या मनाला अत्यंत अनुचित वाटले.

डॉक्टरांनी माझ्यादेखत, अगोदर दिलेल्या इंजेक्शनांसह, सारे सांगितले. आजी बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या, ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हणाल्या आणि मग त्यांनी विचारले, "दुसरं काही मिळतं का, डॉक्टर?" मिळत होते: फोंडापॅरिनक्स, पूर्णपणे रासायनिक रीतीने बनवलेले. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने आधी रक्ताची तपासणी करावी लागली. अहवाल समाधानकारक आला आणि औषध बदलले.

सायंकाळी साडेपाचला मी गोळी तळहातावर ठेवली. आजींनी पाण्याचा घोट घेतला आणि मी न विचारताच तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली.