व्हरांड्यातली मजलिस

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे शिकून गेलेले तीन विद्यार्थी पुण्याला वेब डेव्हलपरांच्या एका परिषदेला जाऊन आले. एक मुलगा कौशाचा, एक भिवंडीचा, आणि मुलगी कल्याणच्या दूध नाक्याची. तिघेही दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेले, तिघेही आता वेबसाइट बनवून चार पैसे मिळवणारे. पहाटेची गाडी पकडून गेले, रात्री उशिरा परतले आणि पुढच्या रविवारी हकिगत सांगायला आमच्या घरी आले.

चहा झाला. मुलांनी भाषणांविषयी सांगितले. पान लवकर उघडावे म्हणून चित्रांचे वजन कसे कमी करायचे, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला वेबसाइट कशी ऐकता येते, असे बरेच काही. आम्हाला निम्मे समजले, निम्मे समजल्यासारखे केले. मग सहज विचारले, "आणि तिथे आलेल्या बाकीच्या डेव्हलपरांशी काय बोलणे झाले?"

तिघेही गप्प. शेवटी कौशाचा मुलगा म्हणाला, "सर, हम तीनों साथ में ही थे."

नाश्ता एकत्र, जेवण एकत्र, बसणे एका रांगेत. सभागृह भरून माणसे, सगळी त्यांच्याच धंद्यातली, आणि आमची मुले आपसातच बोलून परत आली. त्यासाठी पुण्याला जायची काय गरज होती? मुंब्रा स्टेशनबाहेरही बोलता आले असते.

मंचावरून जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा पुढे यूट्यूबवर फुकट पाहायला मिळते. मिळत नाही ते व्हरांड्यातले बोलणे. या धंद्यातल्या लोकांनी त्याला नावही दिले आहे, 'हॉलवे ट्रॅक', म्हणजे वेळापत्रकात न छापलेला वर्ग. कोणत्या कामाला किती पैसे मागायचे, आगाऊ किती घ्यायचे, पैसे बुडवणारे गिऱ्हाईक कसे ओळखायचे, कुठे जागा रिकामी आहे, या गोष्टी माइकवरून कोणी सांगत नाही. भिवंडीचा मुलगा दुकानाची वेबसाइट चार हजार रुपयांत करून देतो. ते कमी की जास्त, हे त्याला आजपर्यंत माहीत नाही. त्याचे अब्बू लूम चालवतात. मीटरमागची मजुरी कुठे किती चालली आहे हे त्यांना रोज कळते, कारण संध्याकाळी टपरीवर ते दुसऱ्या लूमवाल्यांशी बोलतात. मुलाला पुण्यात अशीच टपरी मिळाली होती. तो तिथे कप हातात धरून उभा राहिला.

"मैंने थोड़ी बात की थी," कल्याणची मुलगी हळूच म्हणाली.

दुपारच्या चहाच्या वेळी एक जण लॅपटॉप उघडून कपाळाला हात लावून बसला होता. त्याला एका गिऱ्हाइकासाठी उर्दूचे पान करायचे होते. ओळी एकमेकींवर चढलेल्या, वरच्या नुक्त्यांना कात्री लागलेली, शब्द फुटून हर्फ सुटे पडलेले. ही पाच मिनिटे लांबून बघत राहिली. मग राहवले नाही. जवळ जाऊन म्हणाली, "ये लाइन की ऊँचाई बढ़ानी पड़ेगी."

तिने त्याला जे समजावले ते इथे सांगण्यासारखे आहे. नस्तलीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे जाताना जिना उतरल्यासारखा खाली येतो. त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागते. इंग्रजीला अक्षराच्या आकाराच्या सव्वा-दीड पट पुरते, नस्तलीकला साधारण दुप्पट द्यावे लागते. दुसरी चूक शोभेची होती. त्याने अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली होती. इंग्रजीत ते छान दिसते. उर्दूत मात्र हर्फ एकमेकांचा हात धरून चालतात, मध्ये जागा टाकली की हात सुटतो. (मराठीतही असे केले की शिरोरेषा तुटते.) तिसरे म्हणजे हा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा आहे, अशी सूचनाच पानाला दिलेली नव्हती. म्हणून पूर्णविराम ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसला होता.

हे तिने कोणत्या कोर्समध्ये शिकलेले नव्हते. दिशेची आणि ओळींची सूचना कशी लिहायची ते पुस्तकात मिळते, पण कोणता हर्फ कुठे बिघडला आहे हे दिसायला दुसरी-तिसरीत खुशखतीच्या वहीवर घासलेले बोरू लागतात. हळूहळू चार-पाच जण भोवती जमले. ती अर्धे हिंदीत, अर्धे संगणकाच्या इंग्रजीत बोलत होती. कोणी हसले नाही. एकाने अरबीसाठीही हेच करायचे का, असे विचारले, तेव्हा तिने सांगितले की दिशा तीच, पण अरबी बहुधा नस्ख वळणात छापतात, त्याची ओळ सपाट असते. दोन महिन्यांनी त्या लॅपटॉपवाल्याने तिच्याकडे उर्दू पाने तपासायला पाठवली. पैसे थोडेच होते. तिने त्यातून अब्बूंच्या चष्म्याची काच बदलली.

आपल्या लिपीचे हे दुखणे जुने आहे. 1981 मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने नूरी नस्तलीक यंत्रावर आणले, त्यासाठी हजारो जोडहर्फ आधी हाताने लिहून घ्यावे लागले. तोवर उर्दू दैनिके कातिबांच्या हातूनच लिहून निघत. 1994 मध्ये दिल्लीत तयार झालेला 'इनपेज' आला आणि घरोघरी उर्दू छपाई सोपी झाली. पण जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नसे. तो वेबवर टाकायचा तर त्याचा फोटो करून टाकायचा, हाच रिवाज पडला. मराठी वाचकांनीही हे सोसले आहे. एका संगणकावर टाइप केलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की फॉन्टअभावी किडेमुंग्या दिसत. युनिकोड रुळला तशी मराठी त्यातून सुटली. उर्दू नस्तलीकला अधिक वाट पाहावी लागली. गूगलचा 'नोटो नस्तलीक उर्दू' हा मोफत फॉन्ट आला तो 2014 मध्ये.

आम्ही हे सगळे मान डोलावत ऐकत होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "सर, आपके नोटिस भी तो फोटो ही होते हैं."

खरे होते. आम्ही शिकवतो त्या शाळेच्या नोटिसा आम्हीच टाइप करतो, आम्हीच फोटो काढून ग्रुपवर आणि वेबसाइटवर टाकतो. कित्येक वर्षे. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या अम्मींना दिसत नाही, त्यांचा फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतो. आमच्या नोटिशीपाशी आला की तो फक्त 'चित्र' म्हणतो आणि गप्प होतो. सहामाही परीक्षेची तारीख त्या शेजारणीला विचारत असत. आम्हाला वाटायचे, या बाई नोटीस नीट पाहत नाहीत.

त्या दिवसापासून नोटिसा अक्षरांत जातात.

पण मूळ मुद्दा राहिलाच, मुले गप्प का बसली? इंग्रजी येत नाही म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धे आहे. उरलेले अर्धे आमच्याकडे येते. हात बांधून बसायला, विचारल्याशिवाय न बोलायला आम्हीच शिकवले. बीएडला आम्ही प्रश्नोत्तर पद्धतीवर पानभर उत्तर लिहून चांगले गुण घेतले होते, वर्गात मात्र प्रश्नही आमचा आणि बरेचदा उत्तरही आमचेच. अशा वर्गातून निघालेले मूल पंचविसाव्या वर्षी अनोळखी माणसासमोर उभे राहिले की त्याला आधी परवानगी हवी असते.

या परिषदांमध्ये एक रिवाज आहे, तो आम्हाला फार आवडला. एरिक होल्शर या डेव्हलपरने 2017 मध्ये तो लिहून काढला आणि त्याला 'पॅकमॅन'चा नियम म्हटले. जुन्या व्हिडिओ गेममधले ते तोंड उघडे असलेले पिवळे वर्तुळ आठवा. चार माणसे गोल करून बोलत असतील तर त्यांनी गोल पूर्ण बंद करू नये, एका माणसाची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे बाहेर घुटमळणाऱ्याला आत येता येते. तो आला की पुन्हा सरकून नवी जागा करावी. आम्ही ऐकताक्षणी सूरह अल-मुजादलाच्या अकराव्या आयतीकडे गेलो. मजलिसीत जागा करून देण्याची ताकीद आपल्याला तिथे कधीची मिळालेली आहे. जुम्याला सफीत सरकून जागा देणारी आमची मुले व्हरांड्यात तिघांचा गोल घट्ट बंद करून उभी होती.

आता पुढचे. 2026 च्या 9 ते 11 एप्रिलला 'वर्डकॅम्प आशिया' मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ठरले. याआधी ते 2023 मध्ये बँकॉकला, मग तैपेईला आणि मनिलाला झाले. वर्डप्रेस हे 2003 पासूनचे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. आमची तिन्ही मुले त्यावरच काम करतात. पहिला दिवस भाषणांचा नसतो, टेबलांभोवती बसून सॉफ्टवेअरला हातभार लावण्याचा असतो. त्यातले एक टेबल भाषांतराचे. घाबरणाऱ्या मुलाने तिथून सुरुवात करावी, कारण तिथे त्याची भाषा हेच त्याचे भांडवल.

आम्ही घरी करून पाहिले. 'पब्लिश'ला मराठीत 'प्रकाशित करा' आणि उर्दूत 'शाया करें' लगेच सुचले. 'डॅशबोर्ड'वर पाऊण तास गेला. कौशाचा मुलगा म्हणाला, तसाच ठेवा, सगळ्यांना कळतो. मुलगी म्हणाली, "मेरी नानी को नहीं कळणार." ही आमच्या घरातली खरी भाषा. वाद मिटला नाही, पण तिघेही पाऊण तास एका शब्दावर भांडत होते, हे आम्ही मनात टिपून ठेवले.

मुलीच्या घरून मात्र परवानगी यायला वेळ लागला. तिच्या अब्बूंचे प्रश्न रास्त होते. तिथे कोण कोण असते? आम्ही सांगितले की प्रत्येक वर्डकॅम्पची वर्तनाची नियमावली जाहीर असते आणि कोणी त्रास दिला तर कळवायचे कोणाला हेही त्यात असते. नमाजचे काय, 10 तारखेला तर जुमा आहे? आयोजकांना आधी ईमेल करून विचारायचे, विचारण्यात कमीपणा नाही. खरी भीती लोकलची होती. 2025 च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसे गेली, ती बातमी आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. कुर्ल्याहून संध्याकाळी कल्याणकडे येणारी गाडी कशी असते ते आम्हीही जाणतो. यावर आमच्याकडे मोठे उत्तर नव्हते. ठरले एवढेच की गर्दी उतरेपर्यंत थांबायचे, महिलांच्या डब्यातून यायचे आणि अब्बू कल्याण स्टेशनला घ्यायला येतील. "दो गाड़ी छोड़ देना, मगर लटकना नहीं," ते मुलीला म्हणाले. म्हणजे परवानगी मिळाली.

आता दर रविवारी असरनंतर आमच्या घरी सराव चालतो. उभे राहायचे, आपले नाव सांगायचे, आपण बनवलेली एक गोष्ट सांगायची आणि समोरच्याला एक प्रश्न विचारायचा. भिवंडीच्या मुलाचे नाव आणि काम आता न अडखळता सांगून होते. प्रश्नापाशी तो अडतो. परवा बराच वेळ फरशीकडे बघून म्हणाला, "सर, मैं पूछ लूँ कि आप दुकान की वेबसाइट का कितना लेते हो? बुरा तो नहीं मानेंगे?"

आम्ही म्हटले, पहिला प्रश्न तोच विचार.