‘रक्त’ आणि ‘रगत’ : एका शब्दाची तीन रूपे

कर्जत तालुक्यातील भिवपुरी आणि तिच्या आसपासच्या गावबोलीत पायात काटा मोडला की ‘रगत’ येते. शाळेच्या वहीत त्याचे ‘रक्त’ होते, आणि ‘रगत’ हा त्याचा बिघडलेला उच्चार होय, ही समजूत पदव्युत्तर वर्गापर्यंत विद्यार्थ्याची सोबत करते. शब्दाचा इतिहास पाहता ही समजूत फार वरवरची ठरते.

‘रक्त’ हे मुळात द्रवाचे नाव नाही. संस्कृत ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे, तांबडे होणे, आणि त्यावरून मन जडणे. त्याचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित ‘रक्त’, म्हणजे रंगलेले, तांबडे, अनुरक्त. ‘रंग’, ‘राग’, ‘रंजन’, ‘विरक्त’ ही सारी याच कुळातली. संस्कृतात प्रामुख्याने रंग आणि प्रीती सांगणारा ‘राग’ मराठीत संतापवाचक झाला, हे अर्थांतर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रंगणे म्हणजे तांबडे होणे हा जुना अर्थ मात्र आपण रोज वापरतो : विडा रंगतो, मेंदी रंगते. विड्याला हा रंग देणारा कात खैराच्या गाभ्यापासून काढणारे ते कातकरी. त्यांच्या वाड्या याच डोंगरपट्ट्यात आहेत.

रक्ताची इतर नावेही अशीच वर्णवाचक आहेत. ‘रुधिर’, ‘लोहित’, ‘शोणित’ या तिन्हींच्या मुळाशी तांबडेपणाच आहे. ज्याच्या मुळाशी रंग दिसत नाही असा प्राचीन शब्द म्हणजे वैदिक ‘असृज्’. त्याचा सगोत्र शब्द हित्ती भाषेतही सापडतो, इतके त्याचे वय. पण तो शास्त्रग्रंथांपुरता उरला आणि व्यवहार रंगाच्या शब्दांनी ताब्यात घेतला. भयावह वस्तूचे नाव टाळून तिच्या गुणाचे नाव घेण्याची प्रवृत्ती यामागे असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हा क्रम, म्हणजे आधी तांबडे आणि मग रक्त, ध्यानात न ठेवल्यास वाचनात ढोबळ चुका होतात. खालापूर तालुक्यातील महडच्या वरदविनायकापुढे आणि घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या गणपती अथर्वशीर्षात ‘रक्त’ हे पद वस्त्राला, गंधाला, फुलांना लागून वारंवार येते; तेथे रुधिराचा काडीमात्र संबंध नाही. आयुर्वेदाने तर व्युत्पत्तीलाच शरीरक्रियेचे रूप दिले : रसधातू यकृत-प्लीहेत रंजक पित्ताने रंगतो, तेव्हा तो ‘रक्त’ होतो.

आता ‘रगत’. संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत वारशाने उतरतो तेव्हा जोडाक्षराचे द्वित्त होते आणि पुढे ते सुटून मागचा स्वर दीर्घ होतो : सप्त, सत्त, सात, हस्त, हत्थ, हात. या वाटेने ‘रक्त’चे ‘रत्त’ आणि मग ‘रात-’ व्हावयास हवे. तसे ते झालेही. पण मराठीत ते तांबडेपणापुरते उरलेले दिसते. जुन्या मराठीत ‘राता’ म्हणजे तांबडा आणि तांबडे कमळ ते ‘रातोत्पल’. कोकमाचे फळ ‘रातांबा’. आणि उपासाचे ‘रताळे’ हे ‘रक्तालु’चेच रूप. (येथे पुढचा स्वर दीर्घ असल्याने ‘र’ ऱ्हस्व राहिला.) ‘रात्रि’पासून आलेली ‘रात’ भाषेत आधीच असल्याने द्रवासाठी दुसरी ‘रात’ सोयीची ठरली नसावी. म्हणून त्या अर्थासाठी ‘रक्त’ संस्कृतातून पुन्हा उचलले गेले. लोकांनी मध्ये स्वर घालून आणि ‘क’चा ‘ग’ करून त्याला जिभेवर बसवले, ते ‘रगत’. लेखनाने ते जसेच्या तसे ठेवले, ते ‘रक्त’.

याला तंतोतंत समांतर उदाहरण भिवपुरीच्या शिवारातच आहे. ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेले, वाट्याला आलेले अन्न. वारशाने त्याचा झाला ‘भात’, या तालुक्याचे मुख्य पीक. पुन्हा उचललेल्या रूपाचा झाला ‘भगत’, ठाकर-कातकरी वाड्यांतला देवऋषी. ग्रंथांत आणि देवळात राहिला तो ‘भक्त’. भात, भगत, भक्त. रात-, रगत, रक्त. ‘भगत’ला आपण अशुद्ध म्हणत नाही, कारण त्याने वेगळा अर्थ पत्करला. ‘रगत’चा अर्थ ‘रक्त’चाच राहिला, एवढाच त्याचा दोष.

अर्थ एक असला तरी कामे वाटलेली आहेत. ‘रक्तदाब’, ‘रक्तगट’, ‘रक्तपेढी’ हे नवे समास ‘रक्त’नेच होतात, ‘रगत’ समासात सहसा शिरत नाही. ते वाहते, साकळते, ओकले जाते. बकऱ्याचे रक्त शिजवून केलेल्या पदार्थाला मात्र ‘रक्ती’च म्हणतात. फारसी ‘खून’चा मूळ अर्थ रक्त, हिंदीने तो आणि हत्या असे दोन्ही अर्थ ठेवले, मराठीने हत्येवरच तो थांबवला.

‘रक्ताचे नाते’ आज सर्वतोमुखी असले तरी वंशाची आणि अंगभूत गुणाची भाषा मराठीने एकट्या रक्तावर सोपवलेली नाही. मूल पोटचे असते, वैर हाडवैर असते. शिक्षक जातिवंत असला तर तो हाडाचा. रक्ताचा शिक्षक असे कोणी म्हणत नाही.