वऱ्हाडचा न मांडलेला हिशेब

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. १७२४ साली येथे निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादचे राज्य दिल्लीपासून व्यवहारतः स्वतंत्र झाले. ज्या भूमीवर एका राज्याचा पाया घातला गेला, त्या वऱ्हाडाला स्वतःचे राज्य मात्र आजतागायत लाभलेले नाही. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलात वऱ्हाडच्या रयतेने दोन धन्यांचे वसूल भरले. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर त्यांपैकी एक धनी गेला, एवढाच फरक पडला.

वऱ्हाडच्या प्रश्नाकडे भावनेच्या अंगाने पाहण्याची आपल्याकडे रूढी आहे. वस्तुतः हा प्रथमपासून जमाखर्चाचा प्रश्न आहे. १८५३ साली कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे लावून दिले. खर्च वजा जाता उरणारी शिल्लक निजामाला मिळावी, असे ठरले होते. १८६० च्या तहात निजामाचे सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. पण त्याच वेळी जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा त्याचा हक्कही संपुष्टात आला. पुढे कापसाने वऱ्हाडचे उत्पन्न वाढविले, १८७० मध्ये जलंबहून खामगावला आगगाडी आली, आणि सालारजंगाने प्रांत परत मिळविण्यासाठी केलेले प्रयत्न इंग्रजांनी धुडकावून लावले. कापसाची सोन्यासारखी जमीन कोण सोडणार? १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्यावर हा व्यवहार मिटला. करार दोन सरकारांत झाला. ज्यांच्या कापसावर तो उभा होता त्यांचे मत कोणी विचारले नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला करार झाला. ब्रिजलाल बियाणी आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या दोघांच्याही त्यावर सह्या होत्या. एका महाराष्ट्र प्रांतात महाविदर्भासाठी स्वतंत्र उपप्रांत, त्याचे स्वतंत्र विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ, अशी त्यातील योजना होती. १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांत गळाला आणि त्याच्या जागी लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची व नोकऱ्यांची हमी आली. सत्तेऐवजी आश्वासन स्वीकारले गेले, असेच म्हणावे लागते. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने बुलढाण्यासह आठ जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र.

हमी किती पाळली गेली याचे मोजमाप होण्यास १९८४ साल उजाडले. दांडेकर समितीने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. पैकी सुमारे १,२४७ कोटी विदर्भाचा होता. वैधानिक विकास मंडळाची तरतूद १९५६ पासून घटनेत होती, ते मंडळ स्थापन झाले १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. ज्यांना एका करारातून दुसऱ्या करारात सोपविण्यात आले, त्यांनी तिसऱ्या हमीवर विश्वास ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तथापि स्वतंत्र विदर्भाच्या पुरस्कर्त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. विदर्भाचा सिंचनाचा जो अनुशेष शेवटपर्यंत रेंगाळला, तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत. नागपूर विभागात नव्हे. ‘विदर्भ’ या एका सरासरीत पश्चिम वऱ्हाडची तहान दडून राहते. नागपूर बुलढाण्याहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या आसपास. नव्या राज्यात नागपूरच्या तिजोरीतून पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाला किती रक्कम मिळेल आणि ती कोणत्या कायद्याने बांधलेली असेल, हे जिल्हावार आकड्यांत मांडलेले अंदाजपत्रक नांदुरा-मलकापूरच्या शेतकऱ्यापुढे ठेवणे चळवळीला अवघड नाही. मुंबईकडून हिशेब मागणाऱ्यांनी तो आधी आपल्या घरात मांडून दाखवावा.