एक आज्ञावली, अनेक फोन

बालभारतीच्या अलीकडच्या अनेक पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानावर आणि पाठांजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट छापलेली असते. हा क्यू-आर कोड. ‘दीक्षा’ हे ॲप उघडून फोनचा कॅमेरा त्यावर धरला, की त्या पाठाचे दृकश्राव्य साहित्य समोर येते. पुण्यात सेनापती बापट मार्गावरच्या कार्यालयात तयार होणारे पुस्तक राज्यातल्या सर्व मुलांना सारखेच मिळते. फोन मात्र सारखे नसतात. शाळेत वापरले जाणारे एखादे ॲप एका शिक्षकाच्या फोनवर लगेच सुरू होते, तर शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या जुन्या फोनवर नुसता पांढरा पडदा दिसतो. आज्ञावली एकच असताना हा फरक कोठून येतो, ते आपण पाहू.

दोन भाषांची अडचण

आज बहुतेक फोन अँड्रॉइड किंवा आयफोन या दोन प्रणालींपैकी एकीवर चालतात. अँड्रॉइडसाठी आज्ञावली मुख्यतः जावा किंवा कोटलिन या भाषांत लिहितात, तर आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी किंवा स्विफ्टमध्ये. म्हणजे एकच ॲप दोन्हींवर हवे असेल तर तेच काम दोनदा करायचे, दोनदा तपासायचे आणि चूक सापडली की दोन्हीकडे दुरुस्त करायचे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या शैक्षणिक प्रकल्पाला हा खर्च जड जातो.

यावर 2008 साली एक युक्ती निघाली. ब्राउझर तर प्रत्येक फोनमध्ये असतोच, आणि वेबपानांच्या एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट या भाषा सर्व ब्राउझरना कळतात. मग ॲप वेबपानांच्या रूपात लिहावे आणि पत्त्याची पट्टी काढून टाकलेल्या ब्राउझरमध्ये बसवून द्यावे! कॅनडातील व्हँकूव्हरच्या निटोबी या छोट्या कंपनीने या कल्पनेवर ‘फोनगॅप’ हे साधन तयार केले. 2011 साली अडोबीने ती कंपनी घेतली आणि त्या साधनाचा गाभा अपाची या मुक्त संस्थेकडे सोपवला. निटोबीचे कार्यालय ज्या रस्त्यावर होते त्याच्या नावावरून त्याला ‘कॉर्डोव्हा’ हे नाव मिळाले. दीक्षा 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. ते ज्या ‘सनबर्ड’ या मुक्त प्रणालीवर उभे आहे, तिच्या मोबाइल ॲपच्या अनेक आवृत्त्या आयोनिक आणि कॉर्डोव्हा यांच्या आधारे बांधलेल्या आहेत.

अशा ॲपला हायब्रीड म्हणतात. हा शब्द आपल्याकडे ज्वारीमुळे खेडोपाडी पोहोचलेला आहे. इथेही दोन वाणांचा संकर आहे: आतला गर वेबपानाचा आणि टरफल फोनच्या मूळ भाषेतले.

खिडकी आणि पूल

वेबपानाला फोनच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा साठवणीपर्यंत मोकळेपणी हात घालता येत नाही. कोणत्याही अनोळखी पानाने आपला कॅमेरा सुरू करू नये, म्हणून हे बंधन आहे. पण क्यू-आर कोड वाचायचा तर कॅमेरा हवा आणि नेट नसलेल्या गावात धडा दाखवायचा तर तो फोनमध्ये साठवायला हवा. म्हणून गर आणि टरफल यांच्यामध्ये एक पूल बांधतात. त्याला प्लगइन म्हणतात.

हा व्यवहार कचेरीच्या खिडकीसारखा चालतो. पान अर्ज देते, ‘कॅमेरा हवा.’ टरफल तो अर्ज घेऊन फोनच्या प्रणालीकडे जाते. पान तिथे खोळंबून राहत नाही, ते आपली पुढची कामे करते आणि पुकारा झाला की उत्तर घेते. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. खिडकी उघडण्यापूर्वीच अर्ज सरकवला तर तो कोणाच्याच हाती पडत नाही. म्हणून पूल तयार झाल्याची सूचना येईपर्यंत थांबावे लागते.

आता एक गोष्ट लक्षात येईल. प्रत्येक प्लगइनमध्ये जावास्क्रिप्टचा एक भाग, अँड्रॉइडचा दुसरा आणि आयफोनचा तिसरा असतो. ‘एकदाच लिहा’ असे म्हणताना हे तीन भाग कोणीतरी लिहिलेले आणि सांभाळलेले असावे लागतात. शिवाय नियम बदलतात. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून कॅमेऱ्याची परवानगी ॲप बसवताना न घेता वापराच्या वेळी मागावी लागते. 2016 पासून आयफोनवर परवानगी मागण्याचे कारण लिहिलेले नसेल तर प्रणाली ते ॲप तिथल्या तिथे बंद करते. प्लगइन सांभाळणाऱ्याने काम सोडले, तर त्यावर उभी असलेली सगळी ॲपे अडतात.

पांढरा पडदा का दिसतो?

पट्टी काढलेल्या ब्राउझरला वेबव्ह्यू म्हणतात. अँड्रॉइड 4.4 पर्यंत तो प्रणालीचाच भाग होता. फोन ज्या वर्षीचा, त्या वर्षीचाच वेबव्ह्यू त्यात राहायचा. 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून तो स्वतंत्रपणे अद्ययावत होऊ लागला. जावास्क्रिप्टमध्ये 2015 साली नवी वाक्यरचना आली. ती जुन्या वेबव्ह्यूला कळत नाही आणि न कळणारी एक ओळ जरी आली तरी तो ती पूर्ण फाइल टाकून देतो. चूक एका ओळीची, पण परिणाम म्हणजे कोरा पडदा. यावर उपाय म्हणजे नवी रचना आधीच जुन्या रूपात उतरवून ठेवणे.

इंटेलने ‘क्रॉसवॉक’ नावाचा दुसरा उपाय काढला होता. त्यात ॲपबरोबर नवा ब्राउझरच बांधून द्यायचा. सर्व फोनवर वागणूक सारखी झाली, पण ॲप सुमारे 20 मेगाबाइटने जड झाले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याच फोनमध्ये जागा कमी! जुने फोन मागे पडू लागल्यावर 2017 साली तो प्रकल्प थांबला.

देवनागरीची कसोटी

मराठी ॲपला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ‘कि’ लिहिताना आपण आधी वेलांटी काढतो आणि मग क. संगणक मात्र उच्चाराच्या क्रमाने आधी क आणि मग वेलांटी साठवतो. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राद्वारे ज्या पद्धतीचा प्रसार केला आणि 1991 साली जिचे इस्की हे भारतीय मानक ठरले, तिच्यातही हाच क्रम आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या 1988 च्या रूपावरून घेतलेली आहे. साठवलेला क्रम बदलून अक्षरे रचणे हे वेगळे काम असते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनना ते येत नव्हते. त्यामुळे त्यांवर चांगला टंक ॲपमध्ये घालूनही वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षर फुटलेले दिसे.

गंमत म्हणजे ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्यापूर्वी अ या अक्षराला चंद्र जोडून ते लिहीत. दोन्ही दिसतात सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साधा शोध हाती काहीच देत नाही.

वेष्टनाचे नियम

ॲप लिहून झाले की ते वेष्टनात बांधायचे असते. अँड्रॉइडची एपीके फाइल मुळात झिप पद्धतीची पेटीच असते. कॉर्डोव्हाच्या ॲपची पेटी उघडली तर आत आपली पाने जशीच्या तशी सापडतात. या पेटीवर गुप्त किल्लीने स्वाक्षरी करावी लागते. पुढची आवृत्ती त्याच मालकाकडून आली आहे, हे फोन त्या स्वाक्षरीवरून ओळखतो. पूर्वी ती किल्ली हरवली तर ॲप सुधारून देण्याचा मार्गच बंद होई. 2017 पासून ती गूगलकडे सुरक्षित ठेवण्याची सोय झाली. आयफोनसाठी अधिकृत मार्गाने बांधणी करायला ॲपलची प्रणाली चालवणारा मॅक संगणक लागतो आणि दरवर्षी 99 डॉलर भरावे लागतात. गूगल एकदाच 25 डॉलर घेते.

दुकानांचे नियमही स्थिर नाहीत. गूगलने ऑगस्ट 2019 पासून 64-बिट रूप सक्तीचे केले, तर ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲपसाठी पेटीचा प्रकारच बदलला. ॲपलने 2020 साली जुना वेबव्ह्यू वापरणारी नवी ॲपे घेणे थांबवले. त्याच वर्षी अडोबीने फोनगॅपची सेवा बंद केली. मजकुरात एक अक्षरही बदलले नाही, तरी ॲप वेळोवेळी नव्याने बांधावेच लागते.

मग निवड कशी करावी?

हायब्रीड पद्धतीत श्रम वाचतात, ते लिहिण्याचे. तपासणी आणि देखभाल यांचे श्रम उरतातच. मजकूर, चित्रे आणि प्रश्नावली दाखवणाऱ्या शालेय ॲपला ही पद्धत शोभते. वेगवान हालचालींच्या खेळाला ती पुरी पडेलच असे नाही. पण कोणतीही पद्धत घेतली तरी तपासणी कार्यालयातल्या नव्या फोनवर करून भागत नाही. ती विद्यार्थ्याच्या घरातील सर्वांत जुन्या फोनवर, नेट बंद करून व्हायला हवी. छापलेले पुस्तक दहा वर्षांनीही उघडते. ॲपला ते भाग्य नाही. म्हणून शाळेसाठी ॲप स्वीकारताना ते किती सुंदर दिसते हे विचारण्याआधी ‘तीन वर्षांनी ते कोण सांभाळणार?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. उत्तर मिळाले नाही, तर नुकसान होते ते नवा फोन घेऊ न शकणाऱ्या मुलाचे.

वर्गात करून पाहा

एक साधे एचटीएमएल पान तयार करा. त्यात ‘कि’, ‘दऱ्या’, ‘ॲप’ आणि ‘शाळा’ हे शब्द, तसेच तारीख भरण्याची एक चौकट घाला. तेच पान पाच-सहा वेगवेगळ्या फोनवर उघडा. अक्षरे, ओळींची लांबी आणि तारखेची चौकट यांत दिसणाऱ्या फरकांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्या. प्रत्येक फोनचे वर्ष आणि प्रणालीची आवृत्ती शेजारी लिहायला विसरू नका. सर्वांत जास्त फरक कोणत्या फोनवर पडतो, ते विद्यार्थी स्वतःच सांगतील.